मधल्या दाराची काच

एल्दाने दाराच्या लाकडी चौकटीला चिकटपट्टी लावायला घेतली, तेव्हा काचेपलीकडे इर्मा माते नावाच्या कडू पाल्याच्या पेयासाठी वाटीत गरम पाणी ओतत होती. एल्दा वाकून खालची कड चिकटवत होती आणि इर्मा वाटीतली नळी तोंडात धरून तिच्या अंबाड्याकडे बघत होती. एल्दाने मान वर केली की इर्मा लगेच खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघायला लागे. दोघींना या खेळाची इतकी सवय झाली होती की त्यात आता कुणी हरत नव्हतं की जिंकत नव्हतं.

आठ वर्षं या सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या असं मात्र म्हणायची सोय नव्हती, कारण तोंड रोज दिसत होतं. बेर्तोलोत्तींचं घर रोसारिओ शहरातल्या जुन्या घरांसारखं लांबलचक, एकामागे एक खोल्या असलेलं. आईबाप गेल्यावर ते मधोमध वाटलं गेलं. रस्त्याकडचा भाग एल्दाला, कारण तिथे वडिलांचा काचेचा कारखाना होता आणि तो तीच चालवत होती. मागचा भाग इर्माला, कारण तिथे स्वयंपाकघर होतं आणि ती लहान वयात विधवा झालेली, पदरी एक मुलगी. इर्माची ये-जा बाजूच्या बोळातून. मध्ये उरलं हे उंच काचेचं दार. पुढे त्याला कुलूप लागलं, किल्ली कुणीतरी कुठेतरी ठेवली, पण काच होती तशीच राहिली. अबोला धरल्यावरसुद्धा तिच्यावर पडदा टाकावा असं दोघींपैकी कुणाला सुचलं नाही. सुचलंही असेल, पण पहिला पडदा कुणी टाकायचा हा प्रश्न होता.

एल्दाने लग्न केलं नव्हतं. बिलोरी कपाटांच्या, न्हाणीघरांच्या, देवळांच्या काचा दुधी करण्यात आणि त्यांवर वेलबुट्टी काढण्यात तिची साठी उलटली. सकाळी उठून ती या दारासमोर स्टूल ओढून बसायची. पलीकडे इर्मा केस विंचरून, माते करून बसली की एल्दाचा दिवस सुरू व्हायचा. माते ही खरं तर एकट्याने प्यायची गोष्ट नव्हे, एक वाटी या हातातून त्या हातात फिरायला हवी. या दोघी काचेच्या दोन बाजूंना आपापली वाटी घेऊन बसायच्या. पाणी ओतायची वेळ मात्र बरोबर एकच असायची. इर्मा दिसणं हे एवढंच एल्दाला उरलेलं माहेर होतं. कुणी तसं म्हटलं असतं तर तिने त्याला दारातून हाकलून दिलं असतं.

आणि आता हीच काच दुधी करायची होती, तीही तिच्याच हातांनी.

निरोप बाल्दोने आणला होता. बाल्दो सोडावाला. दोन्ही घरी सोड्याचे सायफन, म्हणजे तोटीवाल्या काचेच्या बाटल्या, पोचवायचा आणि अबोला सुरू झाल्यापासून जोडीला निरोपही पोचवायचा. बायको वारल्यापासून त्याला बोलायला माणसं लागत, त्यामुळे हे जास्तीचं काम त्याला जड नव्हतं.

"दोन्या एल्दा, तुमच्यासाठी एक काम आणलंय," दोन्या, म्हणजे बाईसाहेब, या नेहमीच्या अदबीने त्याने भरलेले सायफन टेबलावर ठेवत सांगितलं. "गिऱ्हाईक ओळखीतलं आहे."

"कोण?"

"तुमची बहीण." तो घाईघाईने पुढे म्हणाला, "मधल्या दाराची काच दुधी करून पाहिजे म्हणते. वरपासून खालपर्यंत. पलीकडचं काही दिसता कामा नये."

एल्दाच्या हातातला ब्रश स्वच्छच होता, तरी ती तो फडक्याने पुसत राहिली.

"तिला म्हणावं, पडदा लाव."

"म्हटलं मी. म्हणाली, पडदा सरकतो."

"मग दुसरा कुणी काचवाला बघ म्हणावं. गावात काय एकटी मीच आहे?"

"तेही म्हटलं. म्हणाली, बेर्तोलोत्तींच्या काचेला परका हात लागायचा नाही, बाबा थडग्यात उठून बसतील."

हे बोलणं शंभर टक्के इर्माचंच होतं. एल्दाला हसू आलं आणि हसू आलं म्हणून रागही आला.

"नक्षी कोणती हवी?"

बाल्दोला हे माहीत नव्हतं. तो बोळातून मागे गेला आणि परत आला. "नक्षी नको. कोरी."

"कोऱ्या काचेवर ढगांसारखे डाग उठतात, हे तिला कुणी सांगायला हवं? बाबांच्या हाताखालीच वाढलीय ना? नक्षी असली की चूक झाकली जाते. निदान कडेने वेल तरी घे म्हणावं."

बाल्दो पुन्हा गेला, पुन्हा आला आणि खुर्चीवर बसून गुडघा चोळायला लागला. "वेल नको. ढग उठायचे ते दुसऱ्याच्या हातून, एल्दाच्या हातून नाही उठत, असं म्हणाली. हे तुम्हाला सांगू नको असंही म्हणाली, पण माझा गुडघा दुखतोय, मी कशाला लपवू?"

एल्दाने ब्रश खाली ठेवला. "ठीक आहे. ती बाजारात गेली की तिची किल्ली मला आणून दे. मी पलीकडून काम करून जाईन. काच दुधी करायची पेस्ट लागते ती बाजू खरखरीत होते, ती गिऱ्हाइकाकडे असावी. आणि मला तिचं तोंड बघायला नको."

"मी आता चालणार नाही हं."

"नको चालू."

तो उठला, गेला आणि आला. "तुमच्याच बाजूने करा म्हणते. इकडे यायचं काम नाही."

हे एल्दाला झोंबलं. घरात पाऊलसुद्धा नको! तिने बाल्दोला नेहमीसारखं काही खायला दिलं नाही. तोही बिचारा मुकाट्याने रिकामे सायफन गोळा करत होता. दारातून जाताना मात्र त्याला राहवलं नाही.

"एक सांगायचं राहिलं. गिसेलाला मुलगी झाली. तिकडे वालेन्सियाला. इर्माने फोटो दाखवला मला. डोक्यावर हे एवढं जावळ."

"वजन किती?" एल्दाच्या तोंडून निघून गेलं.

"ते नाही विचारलं."

"तुला काय विचारता येतं?" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

गिसेला म्हणजे इर्माची मुलगी, आणि सगळा अबोला तिच्यावरूनच. देशात कामधंदा राहिला नाही, पोरं टोळीने स्पेनला निघाली, तेव्हा इर्माने मुलीला सांगितलं होतं, मी मेल्यावर जा. मुलगी मावशीकडे येऊन रडली. मावशीने तिची बॅग आपल्या कारखान्यात, काचेच्या पेट्यांमागे दडवली, आणि एका पहाटे स्वतः तिला बसच्या अड्ड्यावर सोडून आली. इर्मा उठली तर मुलीचा पलंग रिकामा, चादर ताणून घातलेली. ती या दाराशी आली. दार तेव्हा उघडंच असे. तिने एकच विचारलं, "तुला माहीत होतं?" एल्दा हो म्हणाली. इर्माने दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. बस्स, एवढंच. भांडण झालं असतं तर ते मिटलंही असतं.

आता एल्दाने स्पिरिटने काच पुसली, रबरी हातमोजे घातले, नाकातोंडावर फडकं बांधलं आणि बरणीचं झाकण उघडलं. आम्लाची ही पेस्ट दह्यासारखी पांढरी आणि घट्ट असते, दिसायला अगदी गरीब. कातडीला लागली तर आधी कळतसुद्धा नाही, मग हाडापर्यंत ठणकते. काच काढून आडवी ठेवता आली असती तर काम सोपं होतं, पण आजोबांच्या वेळची पातळ काच, ती चौकटीत बसवणारी लांबी दगडासारखी झालेली, काढायला गेलं तर फुटलीच असती. उभ्यानेच करायचं होतं. उभ्या काचेवर पेस्ट जाड लावावी लागते आणि न थांबता लावावी लागते. मध्ये हात थांबला की तिथे रेघ उठते, आणि ती कायमची.

एल्दा शिडीवर चढली आणि वरून सुरुवात केली. पहिल्या पट्ट्यात पलीकडच्या खोलीचं छत गेलं. मग खिडकी आणि लिंबाचं झाड गेलं. मग भिंतीवरचा गिसेलाचा फोटो गेला, शाळेच्या पांढऱ्या कोटातला. एल्दा शिडीची एक एक पायरी उतरत होती. इर्मा खुर्चीत बसून होती आणि आज ती झाडाकडे बघत नव्हती, कारण झाड आता दिसत नव्हतं. ती सरळ एल्दाकडे बघत होती.

केसांपाशी आल्यावर ब्रश जरा जड झाला. इर्माचे केस किती पिकलेत, हे इतकी वर्षं रोज बघूनही एल्दाच्या लक्षात आलं नव्हतं. तिला थांबायचं होतं. एक घोट पाणी प्यायच्या निमित्ताने, घाम पुसायच्या निमित्ताने, कशाच्याही निमित्ताने. पण थांबलं की रेघ उठली असती, आणि इर्माच्या कपाळावर आडवी रेघ ठेवून जाणं तिच्याने झालं नसतं. तिने हात चालू ठेवला. कपाळ गेलं, डोळे गेले. उरलेलं सगळं मग पटापट गेलं.

पेस्ट आपलं काम करत होती तेवढा वेळ एल्दा पाठ करून उभी राहिली. मग तिने रबरी पट्टीने पेस्ट ओढून परत बरणीत भरली, कारण ती पुन्हा वापरता येते. बादलीत खाण्याचा सोडा कालवला आणि स्पंजने काच धुवायला घेतली.

आणि काच स्वच्छ झाली. एखाद्या नवख्याला वाटलं असतं की सगळी मेहनत पाण्यात गेली. दुधी काच ओली असेपर्यंत साधीच दिसते, खरखरीत अंगात पाणी भरतं आणि आरपार सगळं उघडं पडतं. एल्दाने हे हजारदा पाहिलं होतं. तरी ती दचकली, कारण इर्मा आता खुर्चीत नव्हती. ती काचेला लागून उभी होती, हातभर अंतरावर.

दोघी बहिणी इतक्या जवळ आठ वर्षांत आल्या नव्हत्या. इर्माने करडा स्वेटर घातला होता, त्याचं वरचं बटण तुटलेलं. एल्दाच्या मनात आलं, बटण लावून घे ना, बाई. तिने नाकातोंडावरचं फडकं खाली ओढलं. इर्माने हात वर करून कानामागचे केस सारखे केले, फोटो काढून घ्यायच्या आधी माणूस करतं तसे, आणि हात खाली घेऊन उभी राहिली.

काच वरून वाळायला लागली. एल्दाच्या हातात स्पंज होता, बादलीत पाणी होतं. एकदा फिरवला असता तर आणखी थोडा वेळ मिळाला असता. पण ज्याने झाकायला सांगितलं त्याचं उघडून बघायचं नाही, असं बाबांनी दोघींनाही शिकवलं होतं. लोकांच्या न्हाणीघरांच्या काचा केलेल्या माणसाला हा नियम पाळावाच लागतो. एल्दा तशीच उभी राहिली. दूध चढावं तशी पांढुरकी काच खाली खाली उतरत आली आणि इर्मा तिच्यामागे गेली. एकही ढग उठला नव्हता. इतकं निर्दोष काम एल्दाच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि तिला ते बघवेना.

पुढचे काही दिवस वाईट गेले. ती सकाळी स्टूल ओढून बसे, समोर भिंतीसारखी काच, आणि हातातली माते गार होऊन जाई. मग एका सकाळी तिला दिसलं की पलीकडे खुर्ची सरकून काचेच्या अगदी जवळ आली आहे. इर्माच्या खिडकीतून उन्हं आत येत आणि खुर्चीत बसलेल्या इर्माची सावली काचेवर उमटत होती. खांदे, मान, डोक्यावर टोपी. नाकडोळे नव्हते, पण एल्दाला नाकडोळे पाठ होते.

तिच्या जिवात जीव आला. म्हणजे दिसायला नको म्हणून काच झाकली, आणि आता दिसत नाही म्हणून जवळ येऊन बसते! अशी आहे इर्मा. लहानपणी रुसून पलंगाखाली जाऊन बसायची आणि पाय मात्र बाहेर ठेवायची.

एल्दाची माते पुन्हा सुरू झाली. सावली कधी डावीकडे झुकलेली असे, कधी उजवीकडे. उजवीकडे झुकलेली दिसली की एल्दा म्हणे, आज कंबर धरलीय वाटतं. पलीकडे थोडा वेळ रेडिओ लागे आणि बंद होई. तळणाचा वास येईनासा झाला होता. बरंच झालं, एल्दा मनात म्हणाली, डॉक्टरने सांगितलेलं शेवटी ऐकलं. रात्रभर मागचा दिवा जळत राही, तेव्हा मात्र ती पुटपुटे, वीज काय फुकट येते? एकदा तर तिने सावलीकडे बघून ओठ हलवले, पण आवाज काढला नाही. आठ वर्षांचा हेका असा सहज सुटत नाही.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. एल्दा सकाळी बसली, तर सावली उजवीकडे झुकलेली. दुपारी ती कारखान्यातून येऊन बघून गेली, सावली तशीच. संध्याकाळी तशीच. रेडिओ लागला नव्हता. एल्दाने जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती दाराशी आली. सावली तिथेच होती, उजव्या खांद्यावर झुकलेली, केसभरही हललेली नव्हती.

माणूस खुर्चीत बसल्या बसल्या जातं, एल्दाची आई तशीच गेली होती. तिने काचेवर टकटक केलं. मग मुठीने ठोकलं.

"इर्मा! अगं इर्मा!"

सावली हलली नाही. बाबांचा नियम एल्दाला आठवला, आणि तिने तो खड्ड्यात घातला. मोरीतला स्पंज पाण्यात बुडवून ती धावत आली आणि काचेवर जिथे तोंड असायला हवं तिथे तो दाबला. पाणी ओघळत खाली गेलं आणि त्याच्यामागे पलीकडची खोली उघडी होत गेली.

खुर्चीच्या पाठीला उशी बांधलेली होती. उशीला इर्माचा करडा स्वेटर घातलेला होता. स्वेटरच्या गळ्यातून सोड्याचा एक निळा सायफन वर आला होता आणि त्याच्या डोक्यावर इर्माची लोकरी टोपी, कानापर्यंत नीट ओढलेली.

एल्दाला आधी हसूच फुटलं. जीव भांड्यात पडल्यावर येतं तसं मोठ्याने, एकटीने. मग तिची नजर मागे गेली. टेबलावर आणि कपाटावर चादरी पांघरलेल्या होत्या. कपाटावरची मोठी बॅग नव्हती. भिंतीवर गिसेलाच्या फोटोच्या जागी एक फिकट चौकोन होता. खिडकीतल्या कुंड्यांना मात्र पाणी घातलेलं होतं, सायफनच्या खोक्यासारखं एक खोकं खाली पडलेलं होतं.

इर्मा गेली होती. गिसेलाकडे, नातीकडे, वालेन्सियाला. आणि बाल्दो रोज येऊन या उशीला कधी डावीकडे झुकवत होता, कधी उजवीकडे.

एल्दा स्टुलावर बसली. काचेवरून पाणी टपकत होतं. बोलली असती तर मी तिला अडवलं असतं का? बसच्या अड्ड्यावर सोडायला गेले असते, तिच्या त्या स्वेटरला बटण लावून दिलं असतं. मग तिला वाटलं, काही नसतं केलं. दोघी या दाराच्या दोन बाजूंना ताठ उभ्या राहिलो असतो आणि बस चुकली असती. गिसेला गेली त्या सकाळी इर्माला नुसता रिकामा पलंग दिसला होता. आपण तिच्यासाठी मागे काही ठेवलं नव्हतं. एक शब्दही नाही. आणि इर्मा निघाली, तर आधी काच झाकून घेतली, आणि मग आपल्या सोबतीला कुणाला तरी बसवून गेली. एल्दा तोंडावर पदर घ्यावा तसा ॲप्रन घेऊन रडली. ती बरीच रडली. तिने डोळे पुसले तेव्हा काच वाळलेली होती आणि सावली आपल्या जागी येऊन बसली होती.

बाल्दो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. गळ्याला मफलर, आवाज बसलेला.

"ताप आला होता, दोन्या. अंथरुणातून उठवत नव्हतं. म्हणून राहिलं यायचं."

"काय राहिलं?"

"सोडा. सोडा द्यायचा राहिला, दुसरं काय?"

एल्दाने त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. त्याने एक उचललं, तेव्हा ती म्हणाली, "इर्मा कशी आहे?"

आठ वर्षांत तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. बाल्दोच्या हातातलं बिस्किट मोडलं.

"कोण?"

"इर्मा. माझी बहीण. मागे राहते."

"ती होय! बरी आहे. म्हणजे तशी बरी आहे. पाठ जरा..."

"वाटलंच मला. दोन दिवस एकाच अंगावर झुकून बसली होती."

"तेच ना. पाठच." बाल्दोने टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करायला घेतला. "मी आता जातोच तिच्याकडे."

"सोडा लागतो का तिला अजून? एकटीच तर आहे."

"लागतो. एक तरी लागतोच." त्याचे कान लाल झाले होते. ताप असेल कदाचित.

"तिला सांग, थंडी वाढलीय. टोपी घालून बसते ते बरं करते."

बाल्दोने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एल्दा किटलीत पाणी भरत होती, तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं.

"सांगतो," तो म्हणाला.

तो गेला. एल्दाने किटली तापवली, मातेचा पाला वाटीत भरला, नळी खोचली आणि स्टूल दाराशी ओढलं. बोळातून सायफनचा किणकिणाट गेला. मागच्या दारात किल्ली फिरली. रेडिओ लागला. मग पावलं काचेपाशी आली, आणि सावली खुर्चीतून उचलली गेली. थोडा वेळ खुर्ची रिकामी दिसली. बाल्दोला एक खोकल्याची उबळ आली, ती त्याने तोंड दाबून कशीबशी गिळली. नुकता तापातून उठलेला माणूस, त्याला उभं राहवत नसावं. खुर्ची करकरली आणि तिच्यात एक सावली बसली, आधीच्यापेक्षा रुंद, मोठ्या खांद्यांची. टोपी हातात धरलेली होती.

एल्दाने वाटीत पाणी ओतलं.

"उठलीस का गं, इर्मा?" ती म्हणाली.

पलीकडचा रेडिओ बंद झाला. मग त्या सावलीने हातातली टोपी सावकाश डोक्यावर घातली, कानांपर्यंत ओढली, आणि एक हात वर केला.